चार मिनिटं चढाची

जाड माणसाला व्यायामाचा सल्ला द्यायला परवाना लागत नाही. जवळचे देतात, लांबचे देतात, लिफ्टमध्ये शेजारी उभं राहिलेलं कुणीही देतं. पूर्वी हा सल्ला 'रोज नुसतं चालत जा गं' इतका साधा असायचा. आता तो 'तू हिट का करत नाहीस? चरबी वितळते त्यानं' असा असतो. हिट म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग: थोडा वेळ जोर लावायचा, थोडा वेळ दम घ्यायचा, पुन्हा जोर, पुन्हा दम. सल्ला सौम्य असो की जहाल, दोन्हींत एक गोष्ट धरूनच चाललेली असते. जाड माणसानं व्यायाम करायचा तो वजन उतरवायला, आणि काटा हलला नाही तर केलेलं सगळं पाण्यात. माझं भांडण आहे ते या समजुतीशी. इंटरव्हल ट्रेनिंग मला मनापासून आवडतं, पण ज्या कारणासाठी ते मला सुचवलं जातं त्या कारणासाठी नाही.

या प्रकाराचा जन्म वजन उतरवण्याच्या खटाटोपातून झालेलाच नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा धावपटूंचा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयाचा डॉक्टर एकत्र आले. धावपटूला थोडंच अंतर, पण असं पळवायचं की नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढली पाहिजे. मग थांबवायचं आणि ती १२० ते १२५ पर्यंत उतरण्याची वाट बघायची. दीड मिनिटात उतरली तर पुढची फेरी. नाही उतरली तर आधीची धाव जास्त वेगाची किंवा जास्त लांबीची झाली असं समजायचं आणि आखणी बदलायची. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला, आणि तो विक्रम १९५५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. हृदय कमावलं जातं ते मधल्या विश्रांतीत, असं या दोघांना वाटे. पुढच्या संशोधनात ते तसंच्या तसं टिकलं नाही. पण दम घेण्याचा वेळ त्यांनी व्यायामातच धरला, नाडी उतरण्याची वाट बघितली, हे मला फार मोलाचं वाटतं. दम खायला थांबलेल्या जाड बाईकडे जिममध्ये ज्या नजरेनं बघितलं जातं, ती नजर वाट बघणाऱ्याची नसते.

वीस-पंचवीस किलोचं पोतं पाठीवर दिलेल्या सडपातळ माणसाला जिना चढायला लावा. तिसऱ्या मजल्यावर तोही कठडा धरून उभा राहील. फक्त त्याला कुणी 'स्टॅमिना वाढव' म्हणणार नाही, कारण पोतं दिसत असतं. फिटनेसचं शास्त्रातलं माप आहे व्हीओटू मॅक्स, म्हणजे जिवाच्या आकांतानं श्रम करताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. हे माप बहुधा दर किलो वजनामागे सांगतात. हृदय आणि फुप्फुसं आपापलं काम नीट करत असली तरी भागाकारात खालचा आकडा मोठा, म्हणून उत्तर लहान. हे अन्यायाचं वाटतं, पण जिना चढताना तो भागाकार खरा असतो. सगळं वजन आपल्यालाच वर न्यायचं असतं.

सुदैवानं इंटरव्हलमधला जोर वेगात मोजायचा नसतोच. तो मोजायचा ज्याच्या त्याच्या कमाल क्षमतेच्या हिशेबानं. पंचविशीतल्या काटक मुलाला नाडी तिथवर न्यायला जीव खाऊन पळावं लागतं, माझं चढावर झपाझप चालून भागतं. त्याच्या हृदयाला जेवढं काम पडतं तेवढंच माझ्या हृदयाला पडलेलं असतं. बघणाऱ्याला मात्र एक बाई नुसती चालताना दिसते.

हे विसरलं की काय होतं, ते टाबाटाच्या नावाखाली जे चालतं त्यात बघावं. इझुमी टाबाटा आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे: २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. प्रयोग सायकलवर झाला, प्रयोगात तरुण, खेळात मुरलेले विद्यार्थी होते, आणि जोर होता व्हीओटू मॅक्सला लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे १७० टक्के. शेवटच्या फेरीला पायडल फिरेनासं व्हावं अशीच ती आखणी होती. मूळ कल्पना जपानच्या स्पीड स्केटिंग चमूच्या प्रशिक्षकाची. आता त्यातलं वीस-दहा तेवढं उरलंय. फोनवर घंटा वाजते आणि पन्नाशीची, नव्वद किलोची बाई बर्पी मारायला लागते, म्हणजे खाली वाकून आडवं व्हायचं आणि उठून उडी मारायची. दहा सेकंदांत तिचा श्वास जागेवर येत नाही, तिसऱ्या फेरीपासून ढब बिघडते आणि उडी मारून उतरताना सगळा भार गुडघ्यावर. टाबाटांचा यात काही दोष नाही. गुडघेदुखी असलेल्या जाड लोकांच्या एका अभ्यासात वजन एक किलोनं घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं घटतो असं दिसलं होतं. हाच हिशेब उलटा मांडला की उड्यांचा हट्ट किती महागात पडतो ते कळतं.

मला पटलं ते नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचं. उलरिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७५, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, हृदयाची ताकद कमी झालेली. त्यातल्या एका गटाला ट्रेडमिलवर चढ लावून चालायला लावलं: चार मिनिटं कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं सावकाश, अशा चार फेऱ्या. बारा आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. एकाच चालीत मध्यम चालणाऱ्या गटाची वाढली १४ टक्क्यांनी. ही माणसं पळत नव्हती, पळणं त्यांना जमणारही नव्हतं.

दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, २६१ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला आणि त्यात इंटरव्हलचं हे वरचढपण दिसलं नाही. पण आतले आकडे गमतीचे आहेत. जोराच्या गटातले निम्मे लोक ठरलेल्या नाडीच्या खालीच राहिले होते, आणि मध्यम गटातले ८० टक्के ठरलेल्या नाडीच्या वर गेले होते! कागदावर दोन गट, ट्रेडमिलवर जवळजवळ एकच. ज्यांना जोर लावा म्हटलं त्यांनी जीव राखला आणि ज्यांना बेतानं म्हटलं त्यांना राहवलं नाही. माणसं अशीच वागणार.

चार मिनिटं म्हणजे किती, हे केल्याशिवाय कळत नाही. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, सपाटीवर, गप्पा मारता येतील अशा चालीनं. मग चढ वाढवायचा. पहिलं मिनिट फसवं. नाडी अजून मागेच रेंगाळत असते, पाय ताजे असतात, आणि 'एवढंच?' असं वाटून वेगाचं बटण दाबायला बोट शिवशिवतं. ते आवरायचं. दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर श्वास नाकानं पुरेनासा होतो आणि तोंड आपोआप उघडतं. पूर्ण वाक्य बोलता येत नाही, दोन-तीन शब्द बोलले की एक श्वास. तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या भरून येतात, कानशिलावरून निघालेला घाम हनुवटीवर येऊन ठिबकतो, आणि हात नकळत पुढच्या दांड्याकडे जातो. दांडा घट्ट धरून मागे रेललं की अर्धा चढ फुकट जातो, अंगाचा भार पायांवर राहतच नाही. म्हणून हात झुलते ठेवायचे. तोल जातोय असं वाटलं तर चढ एक टक्का उतरवायचा, पण लोंबकळायचं नाही. चौथ्या मिनिटात डोक्यात दुसरा विचार शिरत नाही, फक्त घड्याळ. शेवटी 'अजून अर्धं मिनिट निघालं असतं, पण नको' असं वाटलं तर ताण बरोबर. 'मेले' असं वाटलं तर जास्त झाला.

मग तीन मिनिटं सावकाश. थांबायचं नाही, बसायचं तर नाहीच. चढ उतरतो, पट्टा मंदावतो आणि श्वास हळूहळू पुन्हा नाकात येतो. मनगटावरच्या घड्याळात आकडा खाली घसरताना दिसतो, आणि मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. महिना-दोन महिन्यांनी तोच चढ, तोच वेग, पण आकडा आधीपेक्षा लवकर घसरतो. श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते याला डॉक्टरही महत्त्व देतात. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं होतं.

जिममधला ट्रेनर, चांगला मुलगा आहे, एकदा म्हणाला, "मॅडम, रेस्ट दीड मिनिटावर आणू या, फॅट जास्त बर्न होईल."

"अरे, रेस्ट कमी केली तर पुढच्या फेरीत चढ कमी करावा लागेल मला. मग जोर राहिला कुठे?"

त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मग तो पलीकडच्या बाईंकडे गेला आणि त्यांना तेच सांगायला लागला.

आता या फॅटबद्दल. वजन जास्त असलेल्या आणि लठ्ठ प्रौढांवरच्या १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरव्हलनं चरबी आणि पोटाचा घेर कमी झाला, एकाच चालीच्या मध्यम व्यायामानंही झाला, आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. घटलेली चरबी दोन किलोंच्या आसपास, घेर तीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि वजनकाट्यावर यातलं फारसं काही उमटलंच नाही. इंटरव्हलवाल्यांना वेळ मात्र सुमारे ४० टक्के कमी लागला होता. ज्याच्या दिवसात अर्धा तासही मोकळा सापडत नाही त्याला ही सवलत थोडीथोडकी नाही. पण 'चरबी वितळवणारं यंत्र' ही जाहिरात या आकड्यांतून निघत नाही.

जाहिरातीतला दुसरा लाडका मुद्दा आफ्टरबर्नचा: व्यायाम संपल्यावरही शरीर तासन्‌तास कॅलरी जाळत राहतं म्हणे. राहतं, हे खरं आहे. पण हा जादा खर्च मूळ व्यायामाच्या खर्चाच्या ६ ते १५ टक्केच असतो. व्यायामात २०० कॅलरी गेल्या असतील तर मागाहून १२ ते ३०. आणि अंगावरच्या एक किलो चरबीत असतात साधारण ७,७०० कॅलरी. पुढचा भागाकार ज्यानं त्यानं करावा. वजन उतरवायचं असेल तर निकाल मुख्यतः खाण्यावर लागतो, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही व्यायामाला त्या कामाला जुंपायचं काही थांबत नाही.

काट्यापेक्षा टेप बरी, असं माझं मत झालं आहे. टेपही नीट लावली तरच. पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे नव्हे. बरगड्यांची खालची कड एका बाजूला बोटानं चाचपायची, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपायचं, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी फिरवायची. पाठीमागे ती खाली ओघळली का ते आरशात बघायचं. श्वास नेहमीसारखा सोडायचा, पोट आत ओढायचं नाही (हात टेपला लागला की ते आपोआप आत जातं, कुणी बघत नसलं तरी), आणि टेप कातडीत रुतू न देता आकडा वाचायचा. पायाखाली थंड पत्रे असलेली ती चरबी मोजणारी यंत्रं शरीरातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतात, त्यामुळे अंगात पाणी किती आहे यावर त्यांचा आकडा डुलतो. घाम गाळून लगेच यंत्रावर चढणाऱ्यांनी त्या आकड्यानं आनंदूही नये आणि रडूही नये.

मग काटा हलत नाही आणि टेप दोन-तीन सेंटिमीटर हलते, तेव्हा आत काय चाललेलं असतं? हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढतं. स्नायूंच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते ते भाग, वाढतात. रक्तातली साखर उचलायला स्नायू जास्त तत्पर होतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की बैठ्या पुरुषांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अंग गरम करणं धरून दहा मिनिटांचा व्यायाम केला, ज्यात २० सेकंदांचे तीनच जोर होते, तरी त्यांची क्षमता १९ टक्क्यांनी वाढली. तितक्याच वेळा ४५-४५ मिनिटं सलग सायकल मारणाऱ्यांचीही तेवढीच वाढली. आणि क्षमतेला महत्त्व का, तर वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या २०१४ च्या एका आढाव्यात क्षमता कमी असलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला, मग ते सडपातळ असोत की लठ्ठ. जाड पण दमदार माणसाची या हिशेबात बरी गत आहे. हे वाचून मला झालेला आनंद थोडा स्वार्थी होता, हे उघड आहे.

याचा अर्थ वजन कधीच उतरत नाही असाही नाही. कोपनहेगनला मधुमेहींवर झालेल्या २०१३ च्या छोट्या अभ्यासात तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश अशा चालण्यानं चार महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलं आणि क्षमता १६ टक्क्यांनी वाढली, तर एका लयीत चालणाऱ्यांत दोन्ही होती तिथेच राहिली. पण ती माणसं आठवड्यातून पाच दिवस, एकेक तास चालली होती. ही तीन-तीन मिनिटांची चाल जपानमधल्या मात्सुमोतोतली, शिनशू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या गटाची. जमवायला सगळ्यात सोपी म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी तीच सांगते. ट्रेडमिल नको, नाडीचं घड्याळ नको, फक्त वेळ कळला पाहिजे.

सोपं का हवं, ते न्यूझीलंडच्या अभ्यासातून कळतं. २०१८ चा हा अभ्यास मला बाकी सगळ्यांपेक्षा खरा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेबाहेरचा आहे. वजन जास्त असलेल्या २५० माणसांना व्यायाम निवडायला दिला आणि घरी पाठवलं. ४२ टक्क्यांनी इंटरव्हल निवडलं. सुरुवातीला त्यातले ६० टक्के ते ठरल्याप्रमाणे करत होते, वर्षाअखेर २० टक्केसुद्धा उरले नाहीत. वजनात दोन्ही गटांत फरक नाही. यावरून इंटरव्हल कुचकामी ठरवणारेही आहेत. मला उलट वाटतं. कुणी शेजारी उभं नसताना आपणहून दमायचं, हे वर्षभर निभावणारे पाचांत एक निघाले, हेच मला पुष्कळ वाटतं. बाकीच्या चौघांना आळशी ठरवण्याआधी त्यांचा जोर कुणी बेतून दिला होता का, हे विचारावं.

बेतण्याचं म्हणाल तर २२० वजा वय हे कमाल नाडीचं सूत्र भिंतीवरच्या तक्त्यात शोभतं; एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी तर गोळीच खाली दाबून धरते, त्यानं घड्याळातल्या आकड्याचा पाठलाग करू नये. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी केली, त्यात माणसानं स्वतःच सांगायचं की किती जड जातंय. १५ ते १७ म्हणजे जड ते फार जड. बोलण्याची कसोटी त्याहून साधी, वर सांगितलीच आहे.

डॉक्टरांना विचारून सुरुवात करा हे वाक्य इतकं झिजलंय की कुणी ऐकत नाही. पण वजन जास्त, वय चाळिशीपुढे, रक्तदाब किंवा साखर किंवा घरात हृदयविकार, यातलं काही असेल तर खरंच विचारावं. नॉर्वेत देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या ४,८४६ हृदयरुग्णांची नोंद ठेवली होती. जोराच्या व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोघांचं हृदय बंद पडलं आणि दोघेही वाचले, मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक जण दगावला. धोका कमी आहे, शून्य नाही, आणि ते सगळे आधी तपासलेले होते. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं की चार मिनिटं पूर्ण करण्याची जिद्द तिथल्या तिथे सोडायची.

माझं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस हे, दोन दिवस वजनं उचलणं, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजू द्यायचे नाहीत, आणि उरलेले दिवस साधं चालणं. मध्ये आजारपण येतं, प्रवास येतो, खंड पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत क्षमता घसरायला लागते. परत येताना चारऐवजी दोनच फेऱ्या, चढही दोन टक्क्यांनी खाली. पुढे जायची वेळ आली तरी वेगाला हात लावत नाही. वेग वाढत गेला की एका टप्प्याला चाल पळण्यात बदलते, दोन्ही पाय क्षणभर पट्ट्यावरून सुटतात आणि उतरताना पूर्ण वजन एका गुडघ्यावर येतं. चढ अर्ध्या टक्क्यानं वाढवला तर एक पाय कायम टेकलेला राहतो आणि नाडी हवी तिथे जाते.